डेस्पिनाच्या ओट्यावरचं मीठ

पुंगोल

सिंगापूरला जाऊन आले म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला: "काय काय पाहिलंत?" मी पुष्कळ पाहिलं. बागा पाहिल्या, समुद्र पाहिला, पाण्याकाठी दाटीनं उभ्या असलेल्या उंच इमारती पाहिल्या. पण खरं सांगायचं तर त्या महिनाभरात मी सगळ्यात जास्त काही केलं असेल तर फेऱ्या मारल्या. हॉलमधून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून हॉलमध्ये, आणि घर पुरेनासं झालं की खाली उतरून एलआरटीनं.

माझी मुलगी मुग्धा पुंगोलला राहते. तिथे एलआरटी नावाची छोटीशी बिनड्रायव्हरची गाडी वस्तीला वळसा घालत फिरते आणि जिथे चढलात तिथेच आणून सोडते. मुग्धा आणि जावई ऑफिसला गेले, पाच वर्षांची ईरा शाळेत गेली, की मी कार्ड टेकवून त्या गाडीत बसायचे. मूळची माझ्या पायाला भिंगरी आहेच, पण या खेपेला ती जरा जास्तच जोरात फिरत होती.

पुंगोलला अशी दोन वर्तुळं आहेत, एक पूर्वेचं आणि एक पश्चिमेचं. एकदा मी भलत्याच वर्तुळात शिरले. उतरले, समोर अगदी मुग्धाच्यासारखी इमारत दिसली, लिफ्टनं वर गेले आणि बेल दाबली. दार एका मलय आजींनी उघडलं. माझा चेहरा बघून त्यांना काय ते कळलं असावं. त्यांनी मला आत बसवलं, बशीत हिरवे गोळे दिले, वर खोवलेलं खोबरं, आत पातळ गूळ. आपल्या मोदकाचं मावसभावंडच. मग स्वतः खाली येऊन त्यांनी मला स्टेशनपर्यंत सोडलं. रात्री ही हकिगत ऐकून मुग्धा हसून हसून बेजार झाली. "कसे लागले गं गोळे?" तिनं विचारलं.

"छान. मऊ," मी म्हटलं.

मऊ होते, एवढंच मला कळलं होतं. दिवाळीनंतर मला ताप आला, आठवड्याभरात गेला आणि जाताना नाक आणि जीभ दोन्ही घेऊन गेला. वास येत नव्हता आणि चव कळत नव्हती. गरम की गार, मऊ की कुरकुरीत, एवढीच काय ती जिभेची अक्कल शिल्लक होती. पुण्याच्या डॉक्टरांनी "येईल हळूहळू, नाहीही येणार" असं दोन्ही बाजूंनी सांगून मला घरी पाठवलं होतं. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. आमच्या ह्यांनाही नाही.

न सांगण्याचं कारण मसाला. गेली पंचवीसएक वर्षं मी उन्हाळ्यात गोडा मसाला करून विकते. कोथरूडातल्या कितीतरी घरांतली आमटी माझ्या मसाल्यावर चालते. त्यात खोबरं, तीळ, धणे, दगडफूल सगळं वेगवेगळं भाजावं लागतं, आणि कढई उतरवायची वेळ फक्त नाकाला कळते. क्षणभर उशीर झाला की सगळा घाणा कडू. माझा खांदा दुखायला लागल्यापासून मुग्धा "आता पुरे कर तो मसाला" म्हणून मागे लागलेली होतीच. तिला आयतं निमित्त मिळालं असतं. आणि मसाला गेला तर मी करणार काय, या प्रश्नाचं उत्तर मला फेऱ्या मारूनही सापडत नव्हतं.

कुणाला कळलं कसं नाही, तर त्याचं श्रेय आमच्या रीतीला. माझ्या आईनं मला स्वयंपाक शिकवताना पहिली गोष्ट शिकवली ती ही, की शिजवताना चव घ्यायची नाही. देवाला दाखवायचंय, घरच्यांनी जेवायचंय, त्याच्या आधी बाईनं उष्टं करायचं नाही. मी काही फार देवभोळी नाही, पण हाताला लागलेली सवय ती लागलीच. मीठ अंदाजानं, तिखट अंदाजानं. त्यामुळे जीभ गेली तरी माझ्या वरणाला आणि भाजीला काही पत्ता लागला नाही. मुग्धा रोज डबा उघडून मेसेज करायची, "आईच्या हातची चव!" आणि मी तो वाचून परत एक फेरी मारायचे.

हॉकर सेंटरला, म्हणजे तिथल्या खाऊगल्लीत, मात्र जपून राहावं लागे. सगळ्यांचे चेहरे बघायचे आणि मग बोलायचं. ईरा "आजी, टू स्पायसी ला!" म्हणून डोळे पुसायला लागली की मीही हा-हू करून पाणी प्यायचे. फजिती झाली ती ड्युरियनच्या दुकानापुढे. त्या फळाच्या वासाची ख्याती इतकी, की एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, ते न्यायलाच बंदी. जावई नाकाला रुमाल लावून उभे आणि मी आपली काटेरी सालीला हात लावून भाव विचारतेय. "आई, तुला काहीच वाटत नाही?" मुग्धानं विचारलं. "पुण्यात कचऱ्याच्या गाडीमागून स्कूटर चालवलेली बाई आहे मी," असं म्हणून मी वेळ मारून नेली.

पुढच्याच शनिवारी तिनं जाहीर केलं, "आई, तुझं घरात लक्ष लागत नाहीये. बुओना व्हिस्टाला एक ग्रीक बाई राहते, घरी स्वयंपाक शिकवते. आपल्या दोघींचं बुक केलंय."

"सिंगापुरात येऊन ग्रीक?"

"मग? सिंगापुरात येऊन तू पिठलंच करतेयस की!"

पिठलं माझ्या हाताला पाठ होतं. ग्रीक स्वयंपाक हाताला ठाऊक नव्हता आणि जीभ सोबत नव्हती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं माझं, त्या रात्री झोप अशी लागलीच नाही.

बुओना व्हिस्टा

डेस्पिना सत्तरीची, ठेंगणी, पांढरे केस मुलांसारखे कापलेली. माहेर ग्रीसमधल्या एका डोंगरी गावात. नवरा जहाजांच्या धंद्यात, म्हणून तीसेक वर्षांपूर्वी इथे आली. नवरा गेला, ती राहिली. तिच्या इंग्रजीला मूळचा ग्रीक ठसका आणि वर शेपटीला सिंगापुरी 'ला'. माझं इंग्रजी कामापुरतंच, पण तिचं मला समजत होतं, कारण ती निम्मं हातांनीच बोलायची. आम्हा दोघींखेरीज शिकायला ऑड्री नावाची इथलीच एक चिनी तरुणी होती, जवळच्याच ऑफिसात काम करणारी.

"माझ्याकडे नियम एकच," डेस्पिना म्हणाली. "चाखा! प्रत्येक वेळी चाखा. लाजायचं नाही ला!" आणि तिनं दह्याच्या भांड्यात चमचा बुडवला, चाटला आणि तोच चमचा परत भांड्यात घातला. माझ्या अंगावर काटा आला. मुग्धानं मला कोपरानं ढोसलं. "आई, चेहरा," ती पुटपुटली.

पहिला पदार्थ त्झात्झिकी. म्हणजे आपली काकडीची कोशिंबीरच, दाण्याचं कूट विसरलेली आणि लसूण मात्र आठवणीनं घातलेली. काकडीला मीठ लावून पिळणं वगैरे सगळं आपल्यासारखंच होतं, त्यामुळे मला जरा धीर आला. तेवढ्यात डेस्पिनानं एक हिरवी जुडी आणून माझ्या नाकाखाली धरली. "स्मेल! हे माझं गाव आहे."

बघताक्षणी ओळखली मी ती. शेपू! जो घरात आला की शेजारच्या बिऱ्हाडालाही समजतं, तो शेपू. तिकडे ऑड्रीनं डोळे मिटून श्वास घेतला, इकडे मुग्धानं लहानपणी घ्यायची तशी दोन पावलं मागे घेतली. "ई, शेपू!" माझ्या नाकाशी नुसतं थंडगार ओलं गवत होतं. "व्हेरी नाइस," मी म्हटलं आणि मला एकदम रडूच यायला लागलं. मी घाईघाईनं हात धुवायला गेले.

मुख्य पदार्थ होता स्पानाकोपिता, पालक भरलेली, ओव्हनमध्ये भाजायची पापुद्र्यांची मोठी चौकोनी 'पाय'. तिच्या पोळ्या डेस्पिना घरीच लाटायची. लाटणं म्हणजे पडद्याची काठी वाटावी इतकं लांब आणि बारीक. पीठ त्या काठीला गुंडाळायचं, तळव्यांनी बाहेरच्या बाजूला पसरत न्यायचं, की उलगडल्यावर पोळी मोठी आणि पातळ होते. मुग्धाची फाटली. ऑड्रीची नकाशासारखी झाली. माझ्या हाताखालची मात्र पसरत पसरत गेली आणि ओट्याची नक्षी आरपार दिसायला लागली. दर दिवाळीला चिरोटे करणारी बाई मी, हे काय मला नवं होतं? डेस्पिना लाटायचं थांबून बघत राहिली. "तुला कुणी शिकवलं?" "आईनं," मी म्हटलं. गेल्या काही महिन्यांत इतका आनंद मला झाला नव्हता. मग मी आणखी चार लाटल्या, गरज नसताना.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याच्या पुढचं.

मुग्धा आणि ऑड्री पलीकडे आपल्या पोळ्या परत लाटत होत्या. सारण माझ्याकडे आलं. पालकाला मीठ चोळून मी पाणी पिळून काढलं. मग शेपू, कांद्याची पात आणि वर फेटा. डोक्यावर बांधायचा नव्हे, त्यांचं चीज. पांढरंशुभ्र, बोटांनी चुरा होणारं, अगदी पनीरासारखं. पनीर अळणी असतं. शिवाय आमच्याकडे सारणाचं मीठ शेवटी, सगळं एकत्र झालं की घालायचं. तेव्हा मी तेवढ्या सारणाला बेतानं लागेल इतकं मीठ घेतलं आणि घातलं. फेटा खाऱ्या पाण्यात मुरवलेला असतो हे डेस्पिनानं सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच नव्हती. बोटाच्या टोकावर घेतला असता तरी कुणालाही कळलं असतं.

"शैला, चाखलंस?" तिनं ओव्हनपाशी वाकून विचारलं.

मी बोट ओठाला लावलं. "परफेक्ट."

ती चमचा घेऊन आली होती, पण तो तिनं खाली ठेवला. "जिचा हात असा चालतो तिची जीभ काय तपासायची!" म्हणाली आणि पोळ्यांचे थर लावायला लागली.

पाय सुरेख भाजली गेली. बाल्कनीत टेबल मांडलं होतं, खाली झाडी, पलीकडे काचेच्या ऑफिसांच्या इमारती, मधूनच सरकत जाणारी एमआरटी. डेस्पिनानं सुरी टेकवली तसा पापुद्र्यांचा चुरचुर आवाज झाला. मी पहिला घास घेतला. कुरकुरीत, मग मऊ, मग ऊन ऊन. दुसरा घेतला, तिसरा घेतला. माझ्या हातच्या पोळ्या होत्या, मला कौतुक वाटत होतं. चौथा घास घेताना माझं लक्ष गेलं की टेबलावर कुणीच खात नाहीये. ऑड्री पाण्याचा दुसरा ग्लास संपवत होती. मुग्धा माझ्याकडे टक लावून बघत होती.

"आई," ती मराठीत, अगदी हळू म्हणाली, "तू खातेयस?"

"का? किती छान झालीय. पापुद्रे बघ कसे सुटलेत."

"आई, खारट आहे. तोंडात धरवत नाहीये."

डेस्पिनानं तुकडा तोंडात घातला आणि तशीच उठून सिंककडे गेली. परत येऊन तिनं विचारलं, "सारण तू चाखलंस ना?" मी होकारार्थी मान हलवली. "आणि परफेक्ट म्हणालीस?"

"मला वाटलं, पनीरसारखं असेल," मी म्हटलं. पण ते काही उत्तर नव्हतं, हे माझं मलाच ऐकू येत होतं. मी हातातला तुकडा ताटलीत ठेवला. शेवटी मीच इंग्रजीत जुळवाजुळव करून म्हटलं, "मला चव लागत नाही. वास येत नाही. ताप आला होता, तेव्हापासून." माझ्या तोंडून ते मी पहिल्यांदाच ऐकलं.

मला वाटलं डेस्पिना माझ्या पाठीवर हात ठेवेल. ती चांगलीच तापली. "मग तसं सांगायचं! चव गेली तर गेली, त्यात तुझा काय दोष? पण परफेक्ट का म्हणालीस? मी तुझ्या शब्दावर चमचा खाली ठेवला!"

ती बोलली ते शंभर टक्के खरं होतं, म्हणूनच मला तिथे बसवेना. मी उठले, पायांत चपला सरकवल्या, लिफ्टनं खाली आले आणि त्या इमारतीच्या स्विमिंग पूलभोवती फेऱ्या मारायला लागले. दुसऱ्या फेरीला मुग्धानं मला गाठलं.

"बाबांना माहितीये?"

"नाही."

"कुणालाच नाही? आणि मी रोज मेसेज करतेय, आईच्या हातची चव! कुणाची चव गं ती?"

"हाताचीच," मी म्हटलं.

तिला हसू आलं नाही. ती माझ्याबरोबर भराभर चालत होती. "दिवसातून दहादा स्वयंपाकघरात जातेस ते का? मला वाटायचं, कंटाळलीस."

"गॅस बंद आहे ना बघायला. सुटला तर मला कळणार नाही."

मुग्धा जागच्या जागी थांबली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "आई, पुण्याला तू दुपारभर एकटी असतेस," एवढं म्हणून ती तिथल्या आरामखुर्चीवर बसली आणि रडायला लागली. इतक्या मोठ्या, दहा माणसांची टीम सांभाळणाऱ्या मुलीला असं रडताना बघून माझा उरलासुरला ताठा गेला. मीही तिच्याशेजारी बसले. कितीतरी दिवसांनी मी अशी नुसती बसले असेन.

"तू म्हणशील, मसाला बंद कर," मी म्हटलं. "म्हणून नाही सांगितलं. मसाला गेला तर माझं काय उरतं गं मुग्धा? मला फार भीती वाटते."

"म्हणणारच होते," तिनं नाक पुसलं. "आता नाही म्हणणार. पण गॅसचा अलार्म बसवायचा. बाबांना सांगायचं. आणि ज्या बायका मसाला घेतात त्यांनाही सांगायचं. त्यांना परफेक्ट म्हणायचं नाही."

शेवटची अट जिव्हारी लागली. पण ती खोडता येण्यासारखी नव्हती.

वर गेलो तर डेस्पिना नवा पालक चिरत होती. आमच्याकडे न बघताच म्हणाली, "पीठ उरलंय. मी टाकून देत नसते." मग सुरीनंच खुणावत कामं वाटली: लाटणं आणि कालवणं माझ्याकडे, चाखणं मुग्धाकडे. शेपूची जन्माची वैरीण असलेली माझी मुलगी शेपूचं सारण बोटानं तोंडात घालायला लागली.

"मीठ?" मी विचारलं. हातात चिमूट तयार होती.

"नको. फेटा आहे ना."

"एवढंसं?"

"आई, नको म्हटलं ना!"

मी चिमूट परत भांड्यात टाकली. आजवर माझा मिठाचा हात कुणी अडवला नव्हता. राग आला मला, अगदी स्पष्ट राग आला. लेकीनं पुन्हा चाखलं, तोंड वाकडं केलं, "मिरपूड घाल. अजून. बस," म्हणाली. दुसरी पाय चांगली झाली असं तिघी म्हणाल्या आणि ऑड्रीनं उरलेली डब्यात भरून घेतली. निघताना डेस्पिनानं माझे दोन्ही गाल मुके घेऊन ओले केले. "पुढच्या वेळी आधी खरं सांग, मग लाट," असं दारात बजावलं.

त्यानंतरचे सगळे दिवस मुग्धा संध्याकाळी ऑफिसातून आली की सरळ ओट्याशी उभी राही आणि मी केलेलं चाखून बघे. तिनं मला नेलं त्या तिथल्या डॉक्टरांनीही पुण्याच्याच डॉक्टरांचं म्हणणं जास्त पैसे घेऊन जास्त गोड शब्दांत सांगितलं. विमानात बसले तेव्हा नाक आणि जीभ होती तशीच होती. एलआरटीत मात्र मी पुन्हा बसले नव्हते.

पुणे

परत आल्यावर पहिल्याच संध्याकाळी ह्यांना सांगितलं. ह्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. मग उठून स्वयंपाकघरात गेले, गॅसचं बटण बघून आले आणि म्हणाले, "अलार्मवाल्याला उद्या बोलावतो." दुसऱ्या दिवसापासून मी मसाल्याच्या बायकांना एकेकीला फोन लावला. तिघींनी ऑर्डर काढून घेतली, गोड बोलून. एकीनं फोनवरच नवस बोलला. बाकीच्या म्हणाल्या, करा तुम्ही, बघू. रोज संध्याकाळी फोन ठेवला की मला सिंगापुरातल्यापेक्षा जास्त फेऱ्या माराव्याशा वाटत, आणि मी मारतही असे.

चैत्रात खोबरं आलं, धणे आले, दगडफूल निवडून झालं. आता कढईशी नाक हवं होतं. मी शेजारच्या वहिनींना विचारणार होते, तर हेच म्हणाले, "मी उभा राहतो." लग्नाला छत्तीस वर्षं झाली, या माणसानं माझ्या स्वयंपाकघरात पाणी पिण्यापलीकडे काही केलेलं नाही. जेवणाला दोन शब्दांत दाद देणारे, "छान" आणि "झालं". पण पंचवीस उन्हाळे त्यांनी तो वास शेजारच्या खोलीत बसून घेतला होता, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. बनियनवर, कपाळावर घाम घेऊन ते कढईवर वाकून उभे राहिले. तीळ झाले, धणे झाले. मी दगडफूल तेलात टाकलं आणि झारा फिरवायला लागले. माझी नजर रंगावर होती. अजून काळपटपणा धरायचा होता, अजून थोडा वेळ हवा होता, पंचवीस वर्षांच्या सवयीनं मला पक्कं माहीत होतं.

"उतरव," हे म्हणाले.

"अजून नाही झालं."

"शैला, उतरव. आत्ता."

मी गॅस बंद केला.